गाडी हलली तरच कॉल

टेंबे पहिल्यांदा आमच्या घरी आले ते सत्यनारायणाच्या प्रसादाला, आणि बेल वाजवण्याआधी त्यांनी जिना मोजला. बाहेर कसला आवाज येतोय म्हणून मी दार उघडलं, तर हे वळणावर गुडघे टेकून बसलेले. हातात लोखंडी टेप, तोंडात पेन्सिल, पायाशी पेढ्यांचा पुडा.

"सामंतबाई, तुमच्या जिन्यावर स्ट्रेचर वळणार नाही," ते म्हणाले. "कठडा आड येतो. खुर्चीत बसवून आणावं लागेल."

माझ्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोणाला न्यायचंय?"

"अजून ठरलं नाही, आजी," टेंबे म्हणाले, आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

सासूबाईंनी त्या दिवशी प्रसाद घेतला नाही. पुढे कधीही टेंब्यांचं नाव निघालं की त्या म्हणत, "तो माप घेऊन गेलेला माणूस."

टेंबे आमच्याच ऑफिसात होते. ऑफिसचं नाव लिहीत नाही. तिथून मला निवृत्तीवेतन मिळतं. मी आस्थापनेत वरिष्ठ लिपिक, आणि टेंबे नवीन पनवेलच्या पाण्याच्या टाकीमागे एका खोलीत तातडीच्या मदतीचा फोन सांभाळायचे. कोणाला छातीत दुखलं, कोणी गच्चीवरून पडलं, कुठे सिलिंडरने पेट घेतला, तर लोकांनी त्या नंबरवर फोन करायचा आणि टेंब्यांनी गाडी पाठवायची. खोलीत एक टेबल, दोन फोन, भिंतभर नकाशा. बाहेर एक रुग्णवाहिका आणि तिचा ड्रायव्हर. पाळीपाळीने बसणारे तीन ऑपरेटर. हे सगळं दरवर्षी मंजूर होणाऱ्या अनुदानावर चालायचं, आणि ते मंजूर होण्यासाठी जो अहवाल वर जायचा, तो माझ्या टेबलावरून जायचा.

टेंब्यांनी त्या नकाशावर कधी विश्वास ठेवला नाही. त्यांच्याकडे स्वतःच्या वह्या होत्या. कोणत्या बिल्डिंगचा जिना अरुंद, कोणाच्या लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही, कोणत्या सोसायटीचा वॉचमन दुपारी गेटला कुलूप लावून झोपतो, कुठलं कुत्रं भुंकतं आणि कुठलं चावतं, सगळं त्यात. रविवारी ते टेप घेऊन निघायचे. लोकांना वाटायचं घरपट्टी वाढवायला माणूस आला. एका सोसायटीने त्यांना चहा-बिस्किटं देऊन "बाल्कनी धरू नका हो साहेब" म्हणून विनवलं. दुसऱ्या सोसायटीत बायकांनी वरून पाणी ओतलं. टेंबे ओल्या शर्टाने वहीत लिहून आले: 'दुसऱ्या मजल्यापर्यंत पाण्याचा दाब चांगला. आगीच्या वेळी उपयोगी.'

कोणाशीही बोलताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "पत्ता नको, खूण सांगा." घाबरलेल्या माणसाला स्वतःचा फ्लॅट नंबर आठवत नाही, पण समोरची पिठाची गिरणी आठवते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पण ही सवय घरीदारी सुटेना. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, एकदा कढईतलं तेल हातावर उडालं, ती ओरडली, तर बाहेरच्या खोलीतून यांचा शांत आवाज आला, "घाबरू नका. नेमक्या कुठे आहात?"

"मी म्हटलं, स्वयंपाकघरात! तुमच्या स्वयंपाकघरात!" वहिनी सांगत होत्या. "धावत आले, हात नळाखाली धरला, सगळं केलं. पण त्या दहा मिनिटांत माझ्याशी जेवढं बोलले ना, तेवढं महिनाभरात बोलत नाहीत. मला तर वाटतं आठवड्यातून एकदा चटका लावून घ्यावा."

ते खरंच होतं. धडधाकट माणसाशी काय बोलायचं, हे टेंब्यांना कळत नसे. डबा खाताना आम्ही भाजीचे भाव, पोरांच्या परीक्षा, साहेबांच्या मिशा यावर बोलायचो, आणि टेंबे डाव्या हाताने पोळी धरून समोर बघत बसायचे. एकदा मी मुद्दाम विचारलं, "टेंबे, बोला की काहीतरी." त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "तुमचं रक्तदाबाचं कसं आहे?"

आणखी एक नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. ज्याचा फोन घेतला, त्याला भेटायला जायचं नाही. लोक पेढे घेऊन टाकीमागच्या खोलीत येत, तर हे मागच्या दाराने बाहेर. ड्रायव्हरने पेढे घ्यायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "चेहरा बघितला की पुढच्या फोनला तोच चेहरा दिसतो, बाई. मग खूण ऐकायची राहते."

मला त्यांचं हे सगळं चालत होतं. चालत नव्हती ती एकच गोष्ट, त्यांचा मासिक तक्ता.

अनुदान 'वापरावर' ठरायचं. वापर म्हणजे नोंदलेले कॉल. आणि टेंब्यांचं एक वाक्य होतं, ते त्यांनी टेबलाच्या काचेखाली लिहूनही ठेवलं होतं: गाडी हलली तरच कॉल. नियमाच्या पुस्तकातही अगदी तसंच होतं, पण नियमाच्या पुस्तकात असलेलं सगळं कोणी पाळतं का? बाकीचे दोन ऑपरेटर चुकीचा नंबर लागला तरी नोंद करायचे. टेंब्यांकडे दिवसभर फोन खणखणायचा आणि तक्त्यात दोन नोंदी.

कारण टेंबे निम्मी कामं फोनवरच उरकायचे. बाळाने बटण गिळलं म्हणून आई किंचाळतेय. "रडतंय का? मोठ्याने रडतंय? छान. रडू दे. रडतंय म्हणजे श्वास घेतंय. आता खाली जा, तुमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर बालरोगतज्ज्ञ आहेत, साडेचारला उठतात, आज लवकर उठवा." संपलं. नोंद नाही.

"ही नोंद का नाही?" मी विचारायची.

"गाडी हलली नाही."

"अहो, मग हलवायची नुसती! सेक्टरला एक चक्कर मारून आणायची."

"आणि तेवढ्यात खरा फोन आला तर?"

यावर मी चिडायची. "टेंबे, तुम्ही जितकं चांगलं काम करता तितका तुमचा वापर कमी दिसतो. वर बसलेल्या माणसाला वाटतं, पनवेलमध्ये कोणी आजारीच पडत नाही. पैसे कशाला द्यायचे?"

"मग तसं अहवालात लिहा ना, बाई."

मी लिहिलं. तीन वर्षं, दरवर्षी एक परिच्छेद जोडला, की फोनवर मिळालेली मदतही मदतच धरावी. पहिल्या वर्षी उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी उत्तर आलं की परिच्छेदासाठी विहित नमुन्यात जागा नाही. तिसऱ्या वर्षी पाहणी आली.

पाहणीला आलेले साहेब तासभर त्या खोलीत बसले. दैव असं, की तासभर फोन वाजला नाही. पंखा फिरत होता. साहेबांनी चहा घेतला, घड्याळ बघितलं, म्हणाले, "इथे तर काही कामच दिसत नाही."

"वाजला नाही हे चांगलंच की, साहेब," टेंबे म्हणाले.

"मग तुम्हाला पगार कशाचा?"

"वाजेल तेव्हा इथे असण्याचा."

मी टेंब्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि साहेबांना खूश करायचं म्हणून, खरंच त्याच हेतूने, म्हणाले, "तुमचीही बिल्डिंग मोजून ठेवली आहे, साहेब. काळजी करू नका. तुम्हाला उतरवायला मात्र चार माणसं लागतील. देहयष्टी भारदस्त आहे."

साहेब उठले. परतीच्या गाडीत त्यांनी अनुदानाचा आकडा पुन्हा विचारून वहीत लिहून घेतला, आणि मला तेव्हाच कळलं.

आधी अनुदान निम्मं झालं. एक ऑपरेटर गेला. मग दुसरा गेला. टेंबे सकाळी आठला येऊन रात्री आठला जाऊ लागले, आणि रात्री आठनंतर पनवेलकरांनी आजारी पडायचं नाही असं ठरलं. त्यानंतरच्या मार्चमध्ये पत्र आलं. सर्व कॉल आता जिल्ह्याच्या एकत्रित केंद्रात घेतले जातील. स्थानिक केंद्र बंद करून साहित्य जमा करावं. दिलेल्या तारखेला सायंकाळी पाच वाजता फोनजोडणी तोडली जाईल.

साहित्य ताब्यात घ्यायला मला पाठवलं. मी पावणेपाचला यादी घेऊन पोचले. रुग्णवाहिका सकाळीच नेली होती, तिच्या जागी जमिनीवर तेलाचा डाग. टेंब्यांनी टेबल पुसून ठेवलं होतं.

"टेबल एक," मी वाचलं.

"एक."

"खुर्च्या तीन."

"तीन. एकीचा पाय हलतो."

"तसं लिहायला जागा नाही. भिंतीवरचं घड्याळ एक."

तेवढ्यात फोन वाजला. टेंब्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. पाच वाजायचे होते. त्यांनी उचलला.

आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला. "हॅलो, आमचं सासरं परलेत वो! ओटीवर परलेत, घाम सुटलाय, बोलत नाय!"

"घाबरू नका. पत्ता नको, खूण सांगा."

ती आमच्या सेक्टरांच्या मध्ये अडकलेल्या जुन्या गावठाणातली सून होती. घरात ती आणि सासू, दोघीच. पुरुष माणसं कामावर आणि अख्खी आळी उलव्याला कोणाच्या तरी हळदीला गेलेली. टेंब्यांनी तो फोन कानाला धरून दुसऱ्या फोनवरून जिल्ह्याच्या केंद्राला फोन लावला. तिकडे एक मुलगी होती. गोड आवाजाची, शिकवलेलं नीट बोलणारी.

"सर, सेक्टर कोणता?"

"सेक्टर नाही. गावठाण आहे. होळीच्या मैदानाशी गाडी थांबवायची, तिथून डावीकडे तिसरं घर, दारात होडी उलटी ठेवलेली आहे."

"सर, सेक्टर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"बाळ, तिथे सेक्टरच नाही. सेक्टर नंतर आले, ते गाव आधीचं आहे."

"मग जवळचा टाकू का, सर?"

त्या मुलीची चूक नव्हती. आमच्याकडेही लोक तेच करतात, कागद अडला की जवळचा सेक्टर लिहून मोकळे होतात. टेंबे म्हणाले, "टाका. पण ड्रायव्हरला होडीचं सांगा." ती म्हणाली, "सर, त्याला इथे रकाना नाही."

मी बाहेर धावले. कोपऱ्यावर एक रिक्षावाला पेपर वाचत होता. त्याला होळीचं मैदान, उलटी होडी आणि न्यायच्या दवाखान्याचं नाव सांगून पिटाळलं आणि धापा टाकत परत आले, तर टेंबे मोजत होते.

"अकरा, बारा, तेरा. जोरात. हाडाला लागलं तरी चालेल, थांबू नका. चौदा, पंधरा..."

मी खुणेने विचारलं. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "चार बावन्नला श्वास थांबला." मग पुन्हा, "सोळा, सतरा. तुम्ही छान करताय. सासूबाईंना दारात उभ्या करा, रिक्षा येतेय. अठरा..."

पाच वाजता लाइनमन आला. पक्कड घेऊनच आला.

"मॅडम, पाचचा टाइम आहे."

"बाहेर चहा घ्या जाऊन."

"सरकारी काम आहे, मॅडम."

"मी पण सरकारीच आहे. दोन चहा घ्या."

तो गेला. टेंबे मोजत राहिले. मी इतकी वर्षं या माणसाचे तक्ते तपासले, आणि त्यांचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आवाज एकदाही चढला नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

सव्वापाचच्या सुमारास रिक्षा पोचली. पलीकडे धावपळ, रडणं, रिक्षाचा आवाज, आणि मग शांतता. ती बाई फोन तसाच टाकून गेली होती. टेंब्यांनीही ठेवला नाही. ते ऐकत बसले. त्या रिकाम्या घरात कुठेतरी नळ गळत होता, कोंबडी फिरत होती, एवढंच ऐकू येत होतं. दुसरा फोन मध्येच वाजला. जिल्ह्याची गाडी कुठल्याशा सेक्टरच्या कमानीखाली उभी राहून विचारत होती, पेशंट कुठे आहे. मी त्यांना दवाखान्याचं नाव सांगितलं आणि मीच दवाखान्यात फोन लावला. म्हातारा आणण्याआधीच गेला होता.

"टेंबे," मी म्हटलं, "आता ठेवा."

ते हलले नाहीत. पावणेसहाला लाइनमन तिसऱ्यांदा दारात आला, तेव्हा मीच पुढे होऊन फोनचा खटका बोटाने दाबला. अहवालात लिहिलं, 'जोडणी सायंकाळी ५ वाजता खंडित.' बाकीच्यासाठी जागा नव्हती. टेंब्यांनी त्या दिवसाची नोंद केली नाही. गाडी आमची हलली नव्हती.

टेंब्यांना जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसवलं. तिथे कोणी घाबरलेलं नसतं. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, लोकांना फक्त दाखला हवा असतो. टेंबे सुवाच्य अक्षरात दाखले लिहायचे आणि कोणाशी एक शब्द बोलायचे नाहीत. वहिनींनी मला फोन केला, "या रविवारी घरीच बसून होते हो. जायचे तेव्हा मला राग यायचा." मी म्हटलं, सवय होईल.   केंद्र परत सुरू करावं म्हणून मी आणखी एक टिपण वर पाठवलं. ते पुढे दोन महिन्यांनी 'वापर अपुरा' या शेऱ्याने परत आलं, आणि तो वापर माझ्याच सहीच्या तक्त्यांवरून काढलेला होता.

पण त्याआधीच, केंद्र बंद होऊन आठवडा झाला असेल, एक बाई खिडकीशी आली. माझं टेबल टेंब्यांच्या मागेच होतं. तिने सासऱ्याचं नाव सांगितलं, दवाखान्याचा कागद दिला. टेंबे मान खाली घालून लिहू लागले.

"दाखला तर तुमी द्याल," बाई म्हणाली, तशी स्वतःशीच, "पन येल कोन सांगल? भटजी बोलतो, त्या दिवशी सांच्याला तिथी बदलली. पाचच्या आत गेलं का पाचनंतर, त्यावर दरवर्षीचा श्राद्ध ठरनार. दवाखान्याच्या कागदावर आमी न्हेलं तवाची येल हाय. घरी कोनी घड्याल बघितला नाय."

"चार बावन्न," टेंबे म्हणाले. मान खालीच.

 बाई खिडकीच्या भोकाशी वाकली. "परत बोला."

"चार वाजून बावन्न मिनिटं. पाचच्या आत. आधीची तिथी धरा."

"तुमीच मोजत व्हते ना?"

टेंब्यांनी वर बघितलं. मागच्या दाराने जायला त्या खिडकीला मागचं दार नव्हतं. त्यांनी मान हलवली.

मी उठले. वाटलं, आता ही बोलणार, गाडी का नाही आली, कोण जबाबदार. ते ऐकायला टेंब्यांच्या जागी खरं तर आमचं अख्खं ऑफिस ओळीने उभं करायला हवं होतं. पण बाईने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "सासू रोज रडतंय, येलेला घरात कोन नव्हता, आमी दोघीच बायका. मी बोलतंय, नाय वो आई, तिसरा व्हता. फोनमदला मानूस व्हता. ती बोलतं, तो काय आपला हाय?" मागे रांगेतला एकजण "चला लवकर" म्हणाला, त्याच्याकडे तिने वळून असं बघितलं की तो दाखला विसरला. मग टेंब्यांना म्हणाली, "परवा उत्तरकार्य हाय. तुमी या. आईला तुमचा तोंड बघू दे."

 टेंब्यांनी दाखला पुढे सरकवला. बाई गेली. त्यांनी पुढच्या माणसाचा अर्ज घेतला आणि तो बराच वेळ उलटा धरून वाचत होते.

संध्याकाळी माझ्या टेबलावर त्यांचा रजेचा अर्ज होता. टेंब्यांनी नोकरीत मागितलेली ही पहिली रजा असावी, निदान माझ्या रजिस्टरात दुसरी नाही. कारणाच्या जागी एकच शब्द होता, 'उत्तरकार्य'. कोणाचं ते लिहिलं नव्हतं. असा अर्ज वर गेला की साहेब 'कोणाचे?' असा लाल शेरा मारून परत पाठवतात, आणि टेंब्यांना खोटं लिहिता येत नाही.

मी पेन उघडलं, त्यांच्या अक्षराशी जमेल तसं अक्षर जमवलं, आणि त्या शब्दाच्या आधी लिहिलं, 'घरातील वडीलधाऱ्यांचे'. मग मंजुरीसाठी वर पाठवून दिला.